घडीची पोथी: जपानी ओरिहोनविषयी

पुस्तकबांधणीचा इतिहास सांगणारे ग्रंथ जपानी ओरिहोनला बहुधा एका परिच्छेदात आटोपतात. आधी गुंडाळी होती, मग तिला घड्या पडल्या आणि अखेरीस दोऱ्याने शिवलेले पुस्तक आले, अशा तीन पायऱ्या मांडायच्या, त्यांतली मधली पायरी ओरिहोनला द्यायची आणि पुढे निघून जायचे, हा त्यांचा शिरस्ता आहे. मी बरीच वर्षे हौसेने पुस्तके बांधते आहे आणि मला ही मांडणी पटत नाही. ओरिहोन ही नुसती वाटेतली पायरी असती, तर शिवलेली पुस्तके स्वस्त आणि मुबलक झाल्यावर ती नाहीशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती जपानमधील मठांत आणि देवस्थानांत आजही रोजच्या वापरात आहे, कारण तिला अशी काही कामे येतात जी गुंडाळीला जमत नाहीत आणि शिवलेल्या पुस्तकालाही जमत नाहीत. त्या कामांविषयीच मला येथे लिहायचे आहे.

तिची रचना सांगायला सोपी आहे. कागदाचे ताव एकापुढे एक चिकटवून लांबलचक पट्टी तयार करायची, तिला बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या एक पुढे, एक मागे अशा सारख्या रुंदीच्या घड्या घालायच्या आणि दोन्ही टोकांना एकेक पुठ्ठा लावायचा. तिला शिलाई नाही आणि पाठही नाही. मिटली की ती चारचौघींसारखी पोथी दिसते, एकेक पान उलटत वाचता येते आणि हवी तेव्हा जमिनीवर पूर्ण पसरून सलग पाहताही येते.

हा प्रकार जपानने चीनकडून घेतला. चीनमध्ये बौद्ध सूत्रे गुंडाळ्यांवर लिहिली जात आणि मधलाच एखादा उतारा हवा असेल तर तिथपर्यंतची सगळी गुंडाळी उलगडावी लागे, आणि वाचन झाल्यावर ती पुन्हा गुंडाळावी लागे. ज्याला रोज ठरलेला भाग म्हणायचा आहे त्याच्यासाठी हा खटाटोप मोठाच होता. तांग राजवटीच्या उत्तरार्धात गुंडाळीला घड्या घालण्याची कल्पना रुजली, आणि वायव्य चीनमधील दुनह्वांगच्या बंद गुहेत सापडलेल्या ग्रंथसाठ्यात गुंडाळ्यांच्या जोडीने अशा घडीच्या पोथ्याही आहेत. या कल्पनेमागे भारतातून गेलेल्या ताडपत्री पोथ्यांचे उदाहरण असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. ताडपत्री पोथी हवी तिथे उघडता येते, तिची पाने लांबट आणि अरुंद असतात आणि वर-खाली लाकडी फळ्या असतात. ती पोथी मनात उभी केली, तर ओरिहोनचे लांबट अंग आणि दोन टोकांचे पुठ्ठे ओळखीचे वाटू लागतात. अशी एक भारतीय ताडपत्री पोथी जपानमध्ये होर्यूजी मठाच्या संग्रहात शतकानुशतके जपली गेली. तिच्यावर संस्कृतमधील प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र आहे आणि ती आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे.

घडीने छापील ग्रंथाचे स्वरूप कसे बदलले, हे दोन चिनी त्रिपिटके शेजारी ठेवली की नीट कळते. ९७१ ते ९८३ या काळात कोरले गेलेले पहिले छापील त्रिपिटक गुंडाळ्यांच्या रूपात होते. फूचौ येथील तुंगचान मठात १०८० मध्ये सुरू होऊन १११२ मध्ये पूर्ण झालेले त्रिपिटक मात्र घडीसाठीच आखलेले होते. त्याच्या एका ठशात ३६ ओळी, एका ओळीत १७ अक्षरे आणि छापलेल्या तावाच्या सहा घड्या, म्हणजे प्रत्येक घडीवर बरोबर सहा ओळी येत. घडीची रेघ दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेतून जाते आणि अक्षरावर घडी म्हणून पडत नाही. गुंडाळीला नंतर घडी घातली, तर ही सोय नशिबावर अवलंबून असते. येथे ती लाकूड कोरण्याच्या आधीच ठरवलेली आहे. अशी चिनी छापील त्रिपिटके मोठ्या प्रमाणावर जपानला गेली. तोदाइजी मठाच्या पुनर्बांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या चोगेन या भिक्षूने दिलेला त्यांतला एक संच क्योटोच्या दाइगोजी मठात आहे. त्यात सहा हजारांहून अधिक घडीच्या पोथ्या आहेत आणि २०१७ मध्ये त्याला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

आता ज्या कामासाठी ओरिहोनला पर्यायच नाही, त्याकडे येते. महाप्रज्ञापारमिता सूत्राचे चिनी भाषांतर ६०० खंडांचे आहे आणि त्यात सुमारे पन्नास लाख चिनी अक्षरे आहेत. हे भाषांतर युआन च्वांग, म्हणजे आपण शाळेत शिकलेला ह्युएनत्संग, याने ६६० ते ६६३ या वर्षांत पूर्ण केले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याआधी वीसेक वर्षे, ६४१ च्या सुमारास, तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. येथील लोकांच्या मानी आणि लढाऊ स्वभावाचे त्याने केलेले वर्णन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. जपानमध्ये आठव्या शतकाच्या आरंभापासून हे सूत्र राज्याच्या रक्षणासाठी, रोगराई हटावी म्हणून आणि पाऊस पडावा म्हणून वाचले जात आले आहे. पण ६०० खंड शब्दशः वाचायचे तर मठातील सगळे भिक्षू कित्येक दिवस अडकून पडतील. त्यातून तेन्दोकु हा विधी निघाला, ज्यात खंड वाचण्याऐवजी उलगडले जातात.

हा विधी मला क्योटोतील एका मठात जवळून पाहता आला. भिक्षूंच्या पुढ्यात बुटकी मेजे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याचे खंड मेजावर रचून ठेवलेले असतात. एक खंड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायचा, एक हात उंच आणि एक खाली धरायचा आणि वरच्या हातातील घड्या खालच्या हाताकडे सोडून द्यायच्या. सबंध पोथी हवेत कमान करून एका हातातून दुसऱ्या हातात ओघळते, मग हात उलटे करून ती पुन्हा ओघळू दिली जाते. हे चालू असताना भिक्षू सूत्राचे नाव, खंडाचा क्रमांक आणि 'तांग देशीचा त्रिपिटकाचार्य युआन च्वांग याने राजाज्ञेने भाषांतरित केले' हे वाक्य पूर्ण आवाजात म्हणतो. खंड मिटला की तो मेजावर जोराने आपटतो आणि लगेच दुसरा उचलतो. सगळे एकाच वेळी, पण एका तालात नसलेले, म्हणत असतात. कागदाचा सळसळाट, पुठ्ठ्यांचा आघात आणि तो घोष यांनी सभागृह भरून जाते. पोथ्यांमधून येणारा वारा अंगावर आला की रोग आणि पीडा दूर होतात अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक होता होईल तितके पुढे सरकून बसतात. काही गावांमध्ये खंड भाविकांच्या खांद्यावर हलकेच टेकवलाही जातो.

हे वाचन नव्हे, उपचार आहे, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. ज्या समाजाने या ६०० खंडांची हाताने नक्कल केली, ते पेट्यांत भरून जपले आणि दरवर्षी एकेक करून सबंध उघडले, त्याने त्या ग्रंथाशी राखलेले नाते खरेच आहे. आणि दर खंडाला भाषांतरकाराचे नाव मोठ्याने घेणारी दुसरी परंपरा मला तरी ठाऊक नाही. बांधणीच्या दृष्टीने पाहिले, तर हा विधी घडीवर उभा आहे. गुंडाळी अशी ओघळत नाही आणि शिवलेले पुस्तक पाठीपाशी अडते. जपानमधील कितीतरी मठांत या सूत्राचे मूळ गुंडाळीतले जुने संच पुढे घड्या घालून ओरिहोन केलेले आढळतात आणि त्याचे कारण हा विधीच आहे.

इतक्या धसमुसळ्या वापराला कागद टिकतो कसा, याचे उत्तर झाडाच्या सालीत आहे. जपानी कागदाला, म्हणजे वाशीला, लागणारी कोझो या तुतीच्या कुळातील झुडपाची साल अशी असते की तिचे तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब भरतात, तर लाकडाच्या लगद्यातील तंतू जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचे असतात. घडीच्या रेघेवर कागद दुमडतो तेव्हा आखूड तंतू एकमेकांपासून सुटतात, लांब तंतू मात्र वाकूनही दोन्ही बाजूंना धरून राहतात. गाम्पी या दुसऱ्या झुडपाच्या सालीचा कागद अधिक गुळगुळीत आणि रेशमी असतो, त्यावर सोन्याची शाई सुरेख बसते, पण सतत हाताळायच्या पोथीसाठी मी कोझोच निवडेन.

घडी घालणे दिसते तितके सोपे नाही. कागदाचे तंतू ज्या दिशेने बसलेले असतात त्याच दिशेने घडी गेली पाहिजे, नाहीतर ती कडेला खरबरीत उमटते आणि लवकर उसवते. मी प्रत्येक घडी आधी बोटाने हलकी दाबते, कडा मापाच्या पट्टीशी जुळवून पाहते आणि मगच बांबूची चपटी पट्टी एकदाच, न थांबता, वरून खाली ओढते. पुन्हा पुन्हा घासले की कागदाला चकाकी येते आणि ती जात नाही. खरी कसोटी मापाची आहे. पुढे जाणारी प्रत्येक घडी मागे येणाऱ्या घडीपेक्षा अर्धा मिलिमीटर रुंद झाली, तर चाळीस घड्यांच्या शेवटी पोथी एक सेंटिमीटर कललेली असते आणि मग पुठ्ठा कुठेच नीट बसत नाही. म्हणून आधीच्या घडीवरून पुढची मापण्याऐवजी प्रत्येक घडी त्याच एका मापाच्या तुकड्यावरून घालायची असते. जोडही विचारपूर्वक ठेवावा लागतो. दोन ताव तीनेक मिलिमीटरच्या पट्टीवर चिकटतात. हा जोड नेमका घडीच्या कडेवर आला तर तेथे दुहेरी कागद दुमडतो, घडी फुगते आणि सबंध पोथी त्या बाजूने जाड दिसते. मी जोड घडीपासून किंचित आत घेते.

खळ हा तर स्वतंत्र विषय आहे. जपानी बांधणीकार साधी पिठाची खळ वापरत नाहीत. कणकेतील चिवट भाग धुऊन काढल्यावर उरलेला गव्हाचा चीक ते मंद आचेवर, सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवतात, गार झाल्यावर केसांच्या चाळणीतून दोन-तीन वेळा घासून काढतात आणि मग हवी तितकी पातळ करतात. भिंतीवर टांगायची चित्रे आणि गुंडाळ्या यांसाठी तर त्याहून वेगळी, जुनी खळ लागते. वर्षातल्या सर्वांत थंड दिवसांत शिजवलेली खळ मातीच्या रांजणात भरून अंधाऱ्या, गार जागी सुमारे दहा वर्षे ठेवतात आणि तिच्यावरचे पाणी दरवर्षी बदलतात. इतक्या काळाने तिचा चिकटपणा बराच कमी होतो, आणि तोच हवा असतो, कारण अशा खळीने चिकटवलेला कागद ताठ होत नाही, सहज वळतो आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर ओलाव्याने सुटतो. आपण चिकटवलेले उद्या कोणाला तरी सोडवावे लागणार आहे, हे गृहीत धरून काम करणारी ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

शिवलेल्या जपानी पुस्तकाविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एका बाजूला छापलेला ताव छपाई बाहेर राहील असा मधोमध दुमडायचा, असे ताव एकावर एक रचायचे, मोकळ्या कडा कागदाच्या वळलेल्या वातींनी आतून बांधायच्या आणि वर आवरण घालून चार भोकांतून रेशमी दोरा ओवायचा, ही त्याची रीत. ही बांधणी कागद आणि जागा दोन्ही वाचवते. १६३७ ते १६४८ या काळात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी सुट्या खिळ्यांनी छापलेले तेनकाइ या भिक्षूचे त्रिपिटक घडीचे होते. त्यानंतर तीस वर्षांत, १६७८ च्या सुमारास, तेत्सुगेन या झेन भिक्षूने सुमारे ६०,००० लाकडी ठशांवरून छापलेले त्रिपिटक शिवणीचे निघाले. ओळीत २० अक्षरे आणि तावाची दोन पाने मिळून २० ओळी अशी त्याची दाट छपाई होती आणि ते देशभरच्या मठांत पोचले ते या आटोपशीरपणामुळे. त्याचे ठसे उजी येथील मांपुकुजी मठाच्या आवारात आजही आहेत. संपूर्ण त्रिपिटक कपाटात ठेवायचे असेल तर शिवण सोयीची, हे मान्यच करायला हवे.

पण चित्रकारांनी घडी सोडली नाही. शिवलेल्या पुस्तकात समोरासमोरची दोन पाने वेगवेगळ्या तावांवर छापलेली असतात, त्यामुळे दोन्ही पाने व्यापणारे चित्र मध्ये शिवणीत बुडते. उतामारोने १७८८ मध्ये त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकासाठी काढलेला कीटकांचा चित्रसंग्रह पाहावा. भोपळ्याच्या वेलीवरचा किडा, पानाआडचा बेडूक, गवताचे वाकलेले पाते हे सगळे दोन्ही पानांवर अखंड पसरलेले आहे, कारण ते पुस्तक घडीचे आहे आणि चित्राचा ताव मधोमध फक्त दुमडलेला आहे.

रस्त्याच्या नकाशाला तर घडी जणू जन्मजात मिळालेली आहे. एदो ते क्योटो या तोकाइदो मार्गाचा १६९० मध्ये छापलेला नकाशा पाच घडीच्या पोथ्यांचा आहे. मोजणी ओचिकोची दोइनची आणि रेखाटन हिशिकावा मोरोनोबूचे. जमिनीवरील एक चो, म्हणजे सुमारे १०९ मीटर, कागदावर नऊ मिलिमीटर, अशा मापाने म्हणजे १:१२,००० प्रमाणात तो काढला आहे. रस्ता डोंगराला वळसा घालो की किनाऱ्याने जावो, पट्टीवर तो आडवाच चालतो आणि दिशा वेगळ्या खुणांनी दाखवल्या आहेत. रस्त्यावर वाटसरू, घोडे, पालख्या, चहाची दुकाने आणि मुक्कामाची गावे आहेत. घरी बसून तो पूर्ण उलगडून पाहता येतो आणि हातात धरून आजच्या मजलेपुरत्या दोन-चार घड्या उघड्या ठेवता येतात. ही दुहेरी सोय मला अतिशय हुशारीची वाटते. इसेच्या देवस्थानाचे पुरोहित देशभरच्या यजमानांना वाटत ती पंचांगेही घडीचीच असत, आणि वर्षाचे दिवस सलग लिहायचे म्हटल्यावर त्यात नवल नाही.

तेकागामी, म्हणजे जुन्या हस्ताक्षरांच्या तुकड्यांची संग्रहवही, हा ओरिहोनचा सर्वांत श्रीमंत आणि मनाला सर्वांत जास्त बोचणारा प्रकार आहे. सतराव्या शतकापर्यंत जुन्या हस्ताक्षरांची आवड इतकी वाढली की जुन्या गुंडाळ्या आणि हस्तलिखिते कापून त्यांचे तुकडे जमवले जाऊ लागले. कोणता तुकडा कोणाच्या हातचा, हे ठरवणे हा कोहित्सु घराण्याचा पिढीजात व्यवसाय झाला. हे तुकडे जाड कागदाच्या मोठ्या घडीच्या पोथीत, दोन्ही बाजूंनी, ठरलेल्या क्रमाने चिकटवत. आरंभी शोमू सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा आठव्या शतकातील मोठ्या अक्षरांचा सूत्राचा तुकडा यायचा आणि त्यामागून राजे, सरदार, कवी, भिक्षू असे ओळीने. क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयातील 'मोशिओगुसा' आणि अतामीच्या मोआ संग्रहालयातील 'कांबोकुजो' हे त्यांतले राष्ट्रीय ठेवे आहेत, आणि दुसऱ्यात ३११ तुकडे आहेत. बांधणीकार म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडते. जाडीत फरक असलेले शेकडो कागद बसवूनही ती पोथी सपाट मिटते, हे काम फार थोड्या हातांना साधेल. तरीही प्रत्येक तुकड्याबरोबर कुठेतरी एक सलग ग्रंथ तुटला आहे, याचा विसर पडत नाही. कापलेल्या हस्तलिखितांपैकी कित्येकांचा आज उरलेला अंश एवढाच आहे आणि तो या पोथ्यांमुळेच उरला आहे, हेही तितकेच खरे.

जपानला गेलेल्या मराठी प्रवाशांच्या हाती ओरिहोन येते ती देवस्थानांच्या मुद्रांची वही म्हणून. देवळात गेल्यावर तेथील माणूस त्या वहीत कुंचल्याने देवस्थानाचे नाव आणि तारीख लिहितो आणि लाल मुद्रा उमटवतो. सूत्राची नक्कल मठाला अर्पण केल्याची पोच देण्याच्या प्रथेतून ही रीत आली. दुपदरी जाड कागदामुळे शाई पलीकडे फुटत नाही, मागची बाजूही वापरता येते आणि सबंध यात्रा एका पट्टीवर पाहता येते. ज्यांना बांधणी शिकायची आहे त्यांनी आधी अशी एक वही विकत घेऊन तिचे पुठ्ठे, जोड आणि घड्या नीट निरखाव्यात, असे मी सांगेन. भारतात कोझोचा कागद महाग पडतो. त्याऐवजी नेपाळचा लोक्ता कागद चालतो, तोही सालीपासून बनतो आणि घडीला चिवट असतो. घडीच्या पोथीची परंपरा नेपाळच्या नेवार लोकांत आहे, आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातही चिंचोक्याची खळ आणि कोळसा चढवलेल्या कापडाचे घडीचे कडत पांढऱ्या दगडी लेखणीने लिहिले जात, त्यांत जमाखर्च ठेवला जाई.

ओरिहोनचे दुखणे एकच, आणि ते घडीवरच होते. वर्षानुवर्षे उघडमीट झाली की रेघ आधी मऊ पडते, मग वरच्या आणि खालच्या टोकांकडून फाटू लागते आणि अखेरीस पोथीची सुटी पाने होतात. तिला नेहमी दोन्ही पुठ्ठे धरून उचलावे, एकाच पुठ्ठ्याने उचलली तर सगळा भार पहिल्या दोन-तीन घड्यांवर येतो. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी कधीही लावू नये; तिचा गोंद कागदात उतरतो, पिवळा पडतो आणि मग कागद खराब केल्याशिवाय निघत नाही. दुरुस्तीसाठी जपानच्या कोची प्रांतात बनणारा तेन्गुजो नावाचा कोझोचा कागद वापरतात. त्याचा सर्वांत पातळ प्रकार चौरस मीटरला १.६ ग्रॅम भरतो आणि त्याची जाडी ०.०२ मिलिमीटर असते, तर आपला रोजचा छपाईचा कागद चौरस मीटरला ७०-८० ग्रॅमचा असतो. तेन्गुजोची बोटभर रुंदीची पट्टी कात्रीने न कापता, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे तिच्या कडांना तंतू मोकळे राहतात. मग पातळ खळ लावून ती घडीच्या मागच्या बाजूला बसवायची, वर टीपकागद आणि वजन ठेवायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत पोथी मिटायची नाही. वाळल्यावर अक्षरे पट्टीतून स्वच्छ वाचता येतात आणि घडी पुन्हा दोन्ही दिशांना वळते.